'कुंकू' रंगीत करून दाखवायचा का? गणपतीत सोसायटीत लावायचाय, मदत करा

चौथा_मजला
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत गणपतीत एक रात्र जुना मराठी सिनेमा लावायची पद्धत पडलीये, पार्किंगमध्ये पांढरा पडदा, भाड्याचा प्रोजेक्टर, मध्यंतरात वडापाव. यंदा ज्येष्ठ मंडळींनी प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' सुचवला. १९३७ चा, व्ही. शांताराम बापूंचा, शांता आपटे आणि केशवराव दाते. जरठकुमारी विवाहाची गोष्ट, मामाने फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या (म्हणजे पहिली बायको गेलेल्याच्या) गळ्यात बांधलेली मुलगी ते लग्न मानायलाच नकार देते. ८० च्या वर वर्षं झाली तरी विषय अजून चावतो.

नाव निघताच कमिटीतल्या पोरांची तोंडं वाकडी. ब्लॅक अँड व्हाइट म्हटल्यावर लहान मुलं दहा मिनिटांत उठून लिफ्टमध्ये खेळायला जातात हे मागच्या वर्षी झालंय, ते खोटं नाही. माझ्या भाचीने तर विचारलं मामा याचा रंग बिघडलाय का. तेव्हा एकाने सुचवलं की हल्ली एआयने सिनेमा रंगीत होतो, करून टाकू. काम माझ्या गळ्यात आलं कारण माझ्याकडे बरा लॅपटॉप आहे (हे कुणाला कधी सांगू नये).

तर एका फुकट टूलमधून तीन मिनिटांचा तुकडा काढला, रात्रभर लॅपटॉप हेअर ड्रायरसारखा चालला. आणि निकाल असा की नायिका खांबामागून जाते तेव्हा साडी निळी, बाहेर येते तेव्हा तपकिरी. एक हात गुलाबी, एक हात करडा. ते एकवेळ चाललं असतं. पण आजीला दाखवलं तर ती चष्मा पुसून म्हणाली, "अरे हिचं कुंकू कुठं गेलं?" परत बघितलं तर खरंच, टूलने कपाळावरचा ठिपका सावली समजून कातडीच्या रंगात मिसळून टाकलाय, कधी पुसट तपकिरी डाग, कधी काहीच नाही. सिनेमाचं नाव काय, आणि पुसलं काय!

आजी त्यानंतर काही बोलली नाही, पण तिला ते आवडलं नाही हे कळलं.

आता प्रश्न असा. जास्त वेळ, थोडे पैसे घालून हे नीट होतं का? आणि झालं तरी करावं का? की आहे तसा लावावा आणि पोरांनी उठून जायचं तर जावं?

तुपातली_माशी
नका करू हो. ज्ञानेश्वरीला इमोजी लावण्यातला प्रकार आहे हा. बाकी चर्चा चालू द्या.

रीळखाऊ
माशीताई एका ओळीत निकाल देऊन मोकळ्या, पण प्रश्न तेवढा सोपा नाहीये म्हणून जरा लांबण लावतो. मी काही वर्षं जुन्या फिल्म स्कॅन करून साफ करण्याचं काम केलंय, रंग भरण्याचं नाही, पण शेजारच्या टेबलावर ते चालायचं.

आधी तुमचं कुंकू का पुसलं ते. या टूलना लाखो रंगीत फोटो दाखवतात, त्यातला रंग काढून घेतात आणि म्हणतात ओळख आता. आकाश, झाडं, चेहरे हे नेहमीचे यशस्वी कारण त्यांचा रंग ठरलेला. साडीचा रंग कुठलाही असू शकतो, मग मशीन काय करतं, सगळ्या शक्यतांची सरासरी काढतं, आणि सगळ्या रंगांची सरासरी म्हणजे मळकट तपकिरी. म्हणून ही असली रंगीत फिल्म चहा सांडल्यासारखी दिसते. शिवाय बरीचशी टूलं प्रत्येक फ्रेम वेगळी बघतात, सेकंदाला २४ फ्रेम, मागच्या फ्रेममध्ये आपण निळा म्हणालो होतो हे त्यांच्या लक्षात नसतं. आणि कपाळावरचा एवढासा ठिपका? ज्या फोटोंवर ते शिकलं त्यातल्या बहुतेक बायकांच्या कपाळावर कुंकू नसणारच. मशीनला वाटलं चेहरा आहे, चेहऱ्याचा रंग भरा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोकांना वाटतं रंग आत कुठेतरी दडलेला आहे आणि आपण तो बाहेर काढतोय. तसं नसतं. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर फक्त उजेड किती पडला याची नोंद असते. गडद लाल, गडद हिरवा, गडद निळा, तिन्ही एकाच करड्या छटेत बसू शकतात आणि मग ते वेगळे काढायला जगातलं कुठलंही मशीन उपयोगाचं नाही, कारण माहितीच नोंदलेली नाही. मूकपटांच्या काळातली ऑर्थो फिल्म तर लाल रंगाला आंधळी होती, लाल ओठ काळे ठिक्कर यायचे. पुढे पॅनक्रोमॅटिक आली तिला लाल कळायचा, पण तिनेही लिहून ठेवलं ते करड्यातच.

आणि सेटवर जे रंग होते ते तरी खरे कुठे होते? शुभ्र पांढरं कापड दिव्याखाली भगभगतं म्हणून पिवळट किंवा फिकट निळसर कापड वापरायची पद्धत होती, ते पडद्यावर पांढरं दिसायचं. म्हणजे उद्या तुम्ही टाइम मशीनने जाऊन साडीचा खरा रंग बघून आलात आणि तोच भरलात तरी दिग्दर्शकाला जे दाखवायचं होतं त्याच्यापासून तुम्ही लांबच गेलात.

नीट होतं का? होतं. माणूस बसवून, प्रत्येक शॉटमधली प्रत्येक वस्तू वेगळी कापून, रंग ठरवून. पण त्याला महिने लागतात आणि टीम लागते. गणपतीच्या वर्गणीत बसणार नाही.

पेन्शनर_डोंबिवली
रीळखाऊ यांचं सगळं वाचलं, पटलं, तरी मी उलट्या बाजूने बोलतो कारण इथे सगळे एकाच सुरात गाणार असं दिसतंय.

आमच्या लहानपणी चाळीत एकच टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट. शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर, पंचवीस-तीस माणसं जमिनीवर. त्या टीव्हीच्या काचेवर काय लावायचे माहितीये का? प्लास्टिकचा रंगीत कागद! वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. म्हणजे आकाश निळं, माणसं तांबूस, गवत हिरवं, असा हिशोब. सीन घरातला असला की सासूच्या डोक्यावर आकाश आणि पायाखाली लॉन. आणि आम्हाला ते आवडायचं हो! ८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आले तोपर्यंत आमची हौस त्या कागदावर भागली. कुणी म्हणालं नाही की कलेचा अपमान झाला. रंगाची भूक माणसाला असते, तिची टर उडवू नका.

दुसरं, 'मुघल-ए-आझम'. २००४ च्या दिवाळीत रंगीत करून थेटरात आला, 'वीर-झारा'च्याच दिवशी, आणि मी बायकोला घेऊन गेलो होतो. शंका घेऊनच गेलो. पण मधुबालाला ७० एमएम सारख्या मोठ्या पडद्यावर रंगात बघून आमच्या रांगेतला एक म्हातारबाबा रडत होता, अगदी हुंदके देऊन. आणि थेटरात कॉलेजची पोरं होती, जी १९६० ची प्रिंट बघायला मेली तरी गेली नसती. ते पाप झालं का?

चौथा_मजला
काका सासूच्या पायाखाली लॉन 😂 हे आजीला वाचून दाखवलं, ती म्हणते आमच्याकडे पण होता तो कागद, दर दिवाळीला ओल्या फडक्याने पुसायचो.

रीळखाऊ दादा, कुंकू एवढंच हाताने लाल करता येईल का? म्हणजे बाकी सगळं काळंपांढरं ठेवून फक्त ठिपका. मला ही आयडिया सुचली आणि झोप उडाली.

रीळखाऊ
येईल, पण पूर्ण सिनेमाभर ठिपक्याचा माग काढत बसावं लागेल, ती मान हलवते, सावलीत जाते, वळते. आणि खरं सांगू का, तो सगळ्यात मोठा हस्तक्षेप होईल. सगळं रंगवलं तर निदान माणूस समजतो की रंगीत आहे. एकच ठिपका लाल केलात तर तुम्ही प्रेक्षकाला दर शॉटमध्ये बोट दाखवून सांगताय की इथे बघ. शांता आपटेंच्या डोळ्यांकडे मग कोण बघणार.

काकांच्या 'मुघल-ए-आझम'बद्दल. ते उदाहरण वेगळं आहे म्हणून धरू नये असं मला वाटतं. के. आसिफने स्वतःच त्यातला काही भाग रंगीत शूट केला होता, शीशमहालातलं गाणं आणि शेवटची रिळं. म्हणजे दिग्दर्शकाला रंग हवा होता हे पडद्यावरच लिहिलेलं आहे, पैसे आणि वितरकांचा धीर संपला म्हणून राहिलं. रंगवणाऱ्यांना दागिने-कपड्यांचे नमुने त्याच सिनेमात मिळाले. संगीतसुद्धा नव्याने ध्वनिमुद्रित केलं, नौशाद तेव्हा हयात होते. असा योग दुसऱ्या कुठल्या सिनेमाला?

नवरंगी_नार
याच मुद्द्यावरून. आमच्या घरात शांतारामभक्ती पिढीजात आहे त्यामुळे राहवत नाही.

'त्यांच्याकडे रंग नव्हता म्हणून त्यांनी काळंपांढरं केलं' हे वाक्य दर वेळी कुणीतरी टाकतं. शांतारामांच्या प्रभातने 'सैरंध्री' १९३३ मध्ये रंगीत करायचा घाट घातला होता, फिल्म जर्मनीला नेऊन प्रिंट काढल्या, आणि रंग असे फसले की सगळा खटाटोप वाया गेला. म्हणजे रंगाची हौस होती, हात पोळले. मग चार वर्षांनी 'कुंकू' करताना तोच माणूस काळ्यापांढऱ्यात काय काय करतो बघा. भिंतीवरचं घड्याळ, त्या वाड्यातले कोंदट कोपरे. पार्श्वसंगीत नाही, सगळे आवाज त्या घरातलेच. एवढं मोजूनमापून केलेलं काम आहे आणि आपण म्हणतो रंग राहिलाय.

आणि खरा पुरावा पुढे आहे. १९५५ ला त्यांनी 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये केला, धो धो चालला. रंग हातात, पैसा हातात, प्रेक्षक खूश. त्यानंतर १९५७ ला काय केलं? 'दो आँखें बारह हाथ'. काळापांढरा. आणि मग १९५९ ला 'नवरंग', परत रंग, नावातच रंग. म्हणजे माणूस दोन रंगीत सिनेमांच्या मध्ये बसून ठरवून काळापांढरा करतो. ओसाड माळ, सहा कैदी आणि एक जेलर, त्याला रंग काय कामाचा. तो उद्या कुणी रंगवला तर मी उपोषणाला बसेन (सकाळी चहा घेऊन).

पण 'कुंकू'च्या बाबतीत मी तेवढ्या ठामपणे बोलू शकत नाही हे कबूल करते. १९३७ मध्ये पर्याय जवळजवळ नव्हताच, त्याच वर्षी अर्देशर इराणींचा 'किसान कन्या' रंगीत आला तेवढाच. मनातून त्यांना लाल कुंकू दाखवायचं असेलही. कोण सांगणार.

न्यूजर्सीचा_नाना
थोडं इकडचं सांगतो कारण इथे हे भांडण ऐंशीच्या दशकातच होऊन गेलंय. टीव्ही चॅनलांचा मालक टेड टर्नर याने १९८६ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओची जुन्या सिनेमांची सगळी लायब्ररी विकत घेतली आणि रंगवायला सुरुवात केली, १९८८ ला 'कॅसाब्लांका' रंगीत करून टीव्हीवर दाखवला. लोक खवळले. दिग्दर्शक वुडी अ‍ॅलन सिनेटच्या समितीसमोर जाऊन बोलून आला. त्यातून १९८८ चा कायदा आला, महत्त्वाचे सिनेमे निवडायचे आणि त्यातला कुठला रंगवला तर तसं स्पष्ट लेबल लावायचं. बंदी नाही, पाटी. फ्रान्समध्ये मात्र दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनचे वारस कोर्टात गेले, 'दि अ‍ॅस्फाल्ट जंगल'च्या रंगीत प्रतीवरून, आणि १९९१ ला तिथल्या सर्वोच्च कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मालक कुणीही असो, करणाऱ्याचा हक्क करणाऱ्याकडे.

गंमत म्हणजे मग ती लाट आपोआप ओसरली. खर्च भरून निघेना. कायद्याने जे झालं नाही ते हिशोबाच्या वहीने केलं.

आपल्याकडे कायद्यात सिनेमाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता धरतात, दिग्दर्शक नाही. आणि सिनेमाचे हक्क प्रदर्शनापासून ६० वर्षं, म्हणजे 'कुंकू'चे कधीच संपले. पण कथा आणि गाणी यांचा हिशोब वेगळा, लेखक गेल्यानंतर ६० वर्षं. मूळ कादंबरी 'न पटणारी गोष्ट' लिहिणारे ना. ह. आपटे १९७१ ला गेले. तेव्हा चौथा मजला, सोसायटीत फुकट दाखवणं निराळं आणि रंगीत करून यूट्यूबवर टाकणं निराळं. टाकायच्या आधी कुणा जाणकार वकिलाला विचारा, माझ्यावर विसंबू नका, मी इथे टॅक्स भरतो फक्त.

तुपातली_माशी
पाटी चालेल मला. 'हे रंग आमचे, सिनेमा त्यांचा.' मोठ्या अक्षरात, सुरुवातीला आणि मध्यंतरात, वडापावच्या टेबलावर पण.

हॉस्टेल_ब्लॉक_सी
मी २१ चा आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही हे सगळं रंगवायला निघालात ती पार्टी. एक सांगू का, प्रॉब्लेम रंगाचा नाहीचे. आम्ही काळेपांढरे फोटो फिल्टर लावून स्वतःच टाकतो, म्युझिक व्हिडिओ असतात तसे, कुणी उठून जात नाही. आम्ही उठतो कारण ऐकू येत नाही. त्या जुन्या प्रिंटमध्ये खरखर एवढी असते, वर पार्किंगमध्ये आवाज घुमतो, आणि बोलतात ते मराठी पण जरा जुनं आणि भरभर, पहिल्या दहा मिनिटांत कोण कुणाचं कोण हेच कळत नाही. मग रंगीत केलं तरी नाही कळणार, रंगीत न कळणं होईल ते.

सबटायटल लावा. मराठीतच लावा, मराठी डायलॉगला मराठी सबटायटल, हसू नका, मी माझ्या रूममेटला असाच एक जुना पिक्चर दाखवला होता, तो नांदेडचा, शेवटपर्यंत बसला.

पीटर जॅक्सनने पहिल्या महायुद्धाचं फुटेज रंगीत केलं होतं २०१८ मध्ये, ते मला जाम आवडलं हे पण सांगतो म्हणजे मी काही रंगाच्या विरोधात नाही. पण ते बातमीचं फुटेज होतं, तिथे कुणी लायटिंग करून फ्रेम लावली नव्हती. आणि त्याने नुसता रंग नाही भरला, वेग सुधारला, ओठ वाचणारी माणसं आणून ते काय बोलतायत ते शोधलं. मला वाटतं निम्मी जादू त्याची होती.

रीळखाऊ
ब्लॉक सी ला माझ्याकडून एक वडापाव.

हेच सांगायचं होतं आणि मी ऑर्थो-पॅनक्रोमध्ये अडकलो. साफ करणं आणि रंगवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ओरखडे काढणं, थरथर थांबवणं, आवाजातली खरखर कमी करणं, याला कुणाची हरकत नसते कारण ते मूळ कामाचा भाग नाही, ती काळाची घाण आहे. पैसा असेल तर तिथे घालावा. आपल्या पुण्यातच जानेवारी २००३ मध्ये जुन्या प्रभातच्या आवारात आग लागून नायट्रेटची हजारो रिळं जळाली, ती फिल्म पेट घेते तेव्हा पाण्यालाही ऐकत नाही. जे उरलंय ते नीट स्कॅन होणं आधी, लाल की शेंदरी ते मागाहून.

(काका, तुमच्या म्हाताऱ्या बाबांचं रडणं मात्र मी खोडून काढू शकलेलो नाही. दोन दिवस डोक्यात आहे.)

पेन्शनर_डोंबिवली
नकाच खोडू. मी पण त्या दिवशी थोडा रडलो होतो, बायकोला सांगितलं एसी लागतोय.

चौथा_मजला
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो.

कमिटीत परवा मीटिंग झाली, दोन तास, त्यातला पाऊण तास वडापाव की साबुदाणा वडा यावर. सिनेमा आहे तसा काळापांढरा लावायचं ठरलंय. लॅपटॉप रंगवण्याऐवजी आवाजाच्या मागे लावला, खरखर बरीच खाली आली, आता नायिकेचं इंग्रजी गाणं पण स्वच्छ ऐकू येतं (हो, त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता गायलीये, १९३७ ला, भाचीला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा जरा सरळ बसली). मराठी सबटायटल मी आणि भाची मिळून करतोय, चाळीस मिनिटांचं झालं. तिचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे. तिने 'बिजवर' म्हणजे काय विचारलं, मी सांगितलं, मग ती म्हणाली आणि मुलीला कुणी विचारलं नाही? म्हटलं तेच तर आहे पुढे, टाइप कर.

खजिनदारांनी हट्ट धरला की पोस्टर तरी रंगीत पाहिजे, नाहीतर लोक येणार नाहीत. म्हणून सिनेमातल्या एका फ्रेमचं पोस्टर केलं, साडी वगैरे तशीच करडी, फक्त कपाळावर कुंकू मी हाताने लाल भरलं. रीळखाऊ दादा, सिनेमात नाही भरलं, पोस्टरवर एवढं चालवून घ्या. चार मिनिटांचं काम वाटलं होतं. आजीला दाखवलं तर म्हणे हे शेंदरी झालंय, कुंकू असं नसतं. गडद केलं तर म्हणे आता टिकली दिसतेय, आमच्या वेळी आधी मेण लावून त्यावर कुंकू दाबायचे, त्याची कड अशी कातरल्यासारखी नसते, जरा विस्कटते. मग ती शेजारी बसून सांगत गेली आणि मी भरत गेलो, रात्रीचे साडेअकरा वाजले.

शनिवारी आठ वाजता, पार्किंग बी विंग. पाऊस आला तर क्लबहाऊसमध्ये. खुर्च्या कमी आहेत, जमलं तर घरून आणा.